पेजेची पोटदुखी

सकाळी पावणेसहाला माझ्या दारासमोर रांग लागते. त्यात खरा आजारी कोण हे ओळखायला सुरुवातीला मला महिना लागला. आता मिनिट पुरतं. रांगेत पहिला नंबर लावणारा ठणठणीत असतो. खरा आजारी शेवटी असतो, कारण धक्काबुक्की करून पुढे घुसायची त्याच्यात ताकदच नसते. हे मला कळलं होतं, तरी मी तपासायला सुरुवात पहिल्यापासूनच करायची. रांग म्हणजे रांग. या चुकीबद्दल पुढे सांगते.

मी मोखाडा तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत नर्स आहे. माहेर जव्हारचं, भर बाजारातलं, वडिलांचं कापडाचं दुकान. आमची शाळा खोडाळ्यापासून आत आहे. चारेकशे मुलंमुली पाड्यांवरून येऊन इथेच राहतात, दिवाळीला आणि उन्हाळ्यात घरी जातात. मलाही तिथेच खोली आहे. शनिवारी जीप मिळाली की मी जव्हारला जाते, नाही मिळाली की मुलांची कपडे धुतानाची भांडणं ऐकत रविवार काढते.

माझं राज्य म्हणजे एक खोली, जिला सगळे सिकरूम म्हणतात. दोन खाटा, एक औषधांचं कपाट, प्रत्येकाला दीड किलो जास्त दाखवणारा वजनकाटा आणि मैदानाकडे उघडणारी एक खिडकी. टेबलावर रोजची नोंदवही. तारीख, नाव, इयत्ता, तक्रार, उपचार, शेरा. शेऱ्याचा रकाना वर्षानुवर्षं कोरा.

आता रांगेतल्या तक्रारी.

"काय होतंय?"

"सिस्टर, माझे केस दुखतात."

"केस दुखत नाहीत."

"तुमचे नसतील दुखत."

पुढची. हिच्या बोटाला काही झालेलं नव्हतं, पण तिला पट्टी हवी होती, आणि तीही गोल. लांब पट्टी दाखवली तर तिने हात मागे घेतला. "ही नको. तिला गोल दिली." मी विचारलं, जखम कुठे आहे? ती म्हणाली, "आधी पट्टी द्या, मग दाखवते."

त्यानंतर दोघी मैत्रिणी. दोघींना ताप. कपाळासमोर धरायचं ते पिस्तुलासारखं यंत्र शाळेला मिळाल्यापासून पोरांनी नवी युक्ती काढली होती. अंघोळीचं पाणी तापवायच्या चुलीसमोर कपाळ धरून बसायचं आणि तिथून पळत माझ्याकडे यायचं. यंत्र एकशे तीन दाखवायचं आणि रुग्ण हसायचा. मी मग यंत्र मानेला लावायला लागले. चार दिवसांत पोरं चुलीकडे पाठ करून बसायला लागली.

गोळ्या वाटण्याचीही पंचाईत. "हिला दोन आणि मला एकच का?" मी सांगायचं की ती मोठी आहे, तिचं वजन जास्त आहे. त्यावर उत्तर यायचं, "पण आम्ही एकाच पाड्यातल्या आहोत." आणि मी फारच हात आखडला की ठरलेलं वाक्य, "औषध सरकारचं आहे ना, सिस्टर? तुमच्या घरून थोडंच आणता?"

या सगळ्यांत मोठा वर्ग पोटदुखीवाल्यांचा. त्याला कारण होतं. माझ्या आधीच्या सिस्टरांनी एक पद्धत घालून दिली होती. वहीत ज्याच्या नावापुढे पोटदुखी लिहिलं, त्याची चिठ्ठी स्वयंपाकघरात जायची आणि त्याला नागलीची गरम पेज मिळायची, गूळ घालून. शिवाय सव्वासहा ते साडेसातच्या श्रमदानातून सुटका. श्रमदान म्हणजे मैदान झाडणं, गवत काढणं, पाण्याच्या टाकीभोवतीचं शेवाळ घासणं. मुख्याध्यापकांचा त्यावर भारी जीव.

स्वयंपाकीण मावशी साखरशेतच्या. त्या या आजाराला पेजेची पोटदुखी म्हणायच्या. चिठ्ठ्या मोजत म्हणायच्या, "आज सतरा पोटं आली का, सिस्टर? काल तर बारा होती. साथ आलेली दिसते."

ही सतरा पोटं खोटी आहेत हे मला माहीत होतं. तरी मी लिहायची. सव्वासहाला घंटा व्हायची, तोवर तीस-पस्तीस जण निकाली काढायचे असायचे. एकेकाशी वाद घालत बसले असते तर दुपार झाली असती. म्हणून तक्रार, पोटदुखी. उपचार, दिले. पुढचा.

या पोटदुखीवाल्यांची म्होरकी नववीतली एक मुलगी होती. मी मनातल्या मनात तिला वकिलीणबाई म्हणायची, नंतर उघड म्हणायला लागले. अंगाने काटकुळी, आवाज खणखणीत. रांगेत कायम पहिली.

"काय?"

"पोट."

"कुठे दुखतं?"

"आत."

"आत कुठे?"

"सिस्टर, ते बघायचं काम तुमचं."

एकदा मी चिडून म्हटलं, आज पेज नाही, आज फक्त गोळी. तर ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "नागरिकशास्त्रात आहे. आरोग्य हा हक्क आहे."

"हो का? आणि कर्तव्यं कुठे गेली?"

"ती पुढच्या धड्यात आहेत. अजून शिकवला नाही."

मागची रांग खिदळली आणि मी चिठ्ठी लिहिली.

सकाळी पोट धरून वाकलेली ही मुलगी संध्याकाळी पाचला माझ्या खिडकीसमोर खो-खो खेळताना खांबावर असा सूर मारायची की बघणाऱ्याच्या पोटात गोळा यावा. शाळेच्या संघात तिच्यासारखी पाठलाग करणारी दुसरी नव्हती. पण ती अजून एकदाही बाहेर खेळायला गेली नव्हती. सातवीत लहान म्हणून राहिली. आठवीत गाडीच आली नाही, म्हणून अख्खा संघ मैदानावर खेळाचे कपडे घालून बसून राहिला. आणि दहावीच्या मुलींना आमचे मुख्याध्यापक खेळायला पाठवत नाहीत, अभ्यास बुडतो म्हणून. म्हणजे जे काही जायचं ते याच वर्षी. आश्रमशाळांच्या स्पर्धा थंडीत होत्या, आणि दिवाळीनंतर ती झोपेतसुद्धा खो देते असं तिच्या शेजारची सांगायची.

दरम्यान मी रांग कमी करायचा चंग बांधला. शाळेच्या कडुनिंबावर गुळवेल चढलेली होती. गुळवेल महाकडू. मी जाहीर केलं, ज्याचं पोट दुखेल त्याने बोटाच्या पेराएवढा तुकडा माझ्यासमोर चावून खायचा, मगच चिठ्ठी. खरा आजारी खाईल, बाकीचे पळतील. मला माझ्या अकलेचं कौतुक वाटलं.

पहिल्या दिवशी वकिलीणबाईंनी तुकडा तोंडात टाकला, गाईसारखा निवांत चघळला, गिळला आणि हात पुढे केला. "चिठ्ठी."

"कडू नाही लागलं?"

"हे?"

तिच्या मागची, तिच्या मागची, सगळ्यांनी चघळलं. पाचवीतली एक टिल्लू म्हणाली, "माझी आजी याच्यापेक्षा कडू देते." तिसऱ्या दिवशी ज्यांचं पोट दुखत नव्हतं तीसुद्धा तुकडा मागायला आली. आठवड्यात वेल हाताला येईल तिथवर बोडकी झाली.

मावशी भाताचं पातेलं सोडून हसत बसल्या. "सिस्टर, तुम्ही जव्हारच्या बाजारातल्या. यांना कडू दाखवून भिववायला निघालात? अहो, रानातला कडूकांदा खाऊन वाढलेली पोरं ही. चकत्या करायच्या, राख घालून उकडायच्या, टोपलीत घालून वाहत्या ओहोळात ठेवायच्या, तरी खाताना जीभ आत ओढते. यांना तुमची गुळवेल म्हणजे बडीशेप."

मी तो नाद सोडला. रांग तशीच राहिली.

मग एका बुधवारी तालुक्याहून तपासणीचं पथक आलं. खेळायला जाणाऱ्या मुलींना डॉक्टरांचा दाखला लागतो, त्यावर मुख्याध्यापकांची सही, मग नाव पुढे. स्पर्धा सोमवारी होत्या. डॉक्टर मॅडम तरुण होत्या आणि कामाला चोख. वजन, डोळे, दात झाल्यावर म्हणाल्या, "सिस्टर, महिन्याची नोंदवही द्या." मी दिली. त्यांनी संघाची यादी एका हाताला घेतली, वही दुसऱ्या हाताला, आणि बोट फिरवत गेल्या.

"ही नववीतली. महिन्यात अकरा वेळा पोटदुखी?"

मी वही परत घ्यायला हात पुढे केला, त्यांनी सोडली नाही.

"अकरा वेळा नुसते उपचार दिले आणि पुढे पाठवलं नाही?" त्यांनी माझ्याकडे बघितलं ते मला आवडलं नाही. "हिला मी तंदुरुस्त कशी लिहू? मैदानात काही झालं तर? हिचं नाव थांबवा. आधी तपासण्या करू."

बाहेर व्हरांड्यात बाकीच्या अकरा जणी दाखले घेऊन उड्या मारत होत्या. बाराव्या मुलीचा दाखला टेबलावर कोराच राहिला.

दुपारी ती सिकरूममध्ये आली. पहिल्यांदाच रांगेशिवाय, आणि पहिल्यांदाच ताठ.

"सिस्टर, वहीत दुरुस्ती करा."

"कसली?"

"माझा पोट कधीच दुखला नाय." ती रागावली की घरची बोली वर यायची.

"अकरा वेळा दुखलंय. तुझ्याच तोंडून ऐकलंय."

"ते खोटं होतं. तुम्हाला माहीत होतं ना खोटं होतं?"

"होतं."

"मग लिहिलं कशाला?"

मी टेबलावरची वही मिटली. ती जरा पुढे सरकली. "मी खोटं बोलले, तुम्ही खोटं लिहिलं. दोघींनी मिळून खोडू."

खोडणं शक्य नव्हतं. पूर्वी कधीतरी कुणीतरी वजनाच्या वहीत तिनाचा आठ केला होता आणि चौकशीत मुख्याध्यापकांना घाम फुटला होता. तेव्हापासून खाडाखोड हा शब्द उच्चारला तरी ते दचकतात. दर महिन्याला मला बजावतात, "सिस्टर, एक अक्षर गिरवायचं नाही, एक अक्षर खोडायचं नाही. लिहिलं ते लिहिलं."

मी तिला हे सांगितलं. तिने खाटेच्या कडेवर बसकण मारली. रडेल असं वाटलं, पण रडली नाही, नखाने खाटेचा रंग खरवडत बसली. सरकारी खाट.

"श्रमदान चुकवायला केलंस ना हे सगळं?" मी म्हटलं. "मग भोग."

याचा तिला खरा राग आला. "श्रमदानाला कोण भितं? घरी मी याच्या दुप्पट करते. लावणीला दिवसभर वाकते."

"मग कशाला यायचीस?"

"पेजेला."

"एका वाडग्यासाठी एवढं नाटक?"

"सिस्टर, तुम्ही मोजा. संध्याकाळी जेवण साडेसहाला. नाश्ता साडेआठला. मोजा ना."

मी मोजलं. चौदा तास.

"घरी उठलं की पहिली पेज, मग काम. सगळ्यांच्या घरी असंच. इथे आधी झाडू, मग नाश्ता. पोट दुखत नाय, पण आत वळवळतं. आत म्हणून सांगत होते की मी तुम्हाला."

सांगत होती खरी.

"मग सरळ भूक लागली म्हणायचं."

"पहिल्या सिस्टरना एकीने सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, नाश्ता साडेआठला. मग दुसरी म्हणाली पोट दुखतं, तर पेज आली. तेव्हापासून सगळ्यांचं पोटच दुखतं." आणि मग जरा मला समजावल्यासारखं, "भुकेला गोळी नसते ना, सिस्टर."

मी काही भावूक होणाऱ्यांतली नाही. तिच्या बोलण्यावर मी लगेच विश्वास ठेवला नाही, कारण तिच्या बोलण्यावर विश्वास ठेवायची मला सवय नव्हती. पण एक गोष्ट डोक्यात टोचत राहिली. मी त्या रांगेसमोर रोज बसायची ती साडेपाचला चहा आणि दोन खारी पोटात ढकलून. दुसऱ्या दिवशी चहाही घेतला नाही आणि खारीही खाल्ली नाही. आदल्या संध्याकाळी मुलांबरोबर साडेसहाला जेवले होते. सकाळी झाडू घेतला आणि मुलींबरोबर मैदान झाडलं. सात वाजता हात कापायला लागले. सव्वासातला मी एका निष्पाप मुलावर, तो माझ्यासमोरून चालला म्हणून, ओरडले. साडेसातला मी स्वयंपाकघरात जाऊन मावशींना म्हटलं, "पेज आहे का?"

"चिठ्ठी कुठे आहे?" मावशी म्हणाल्या.

वाडगा दिला, पण वर ऐकवलं. "चार वर्षं झाली तुम्हाला इथे. मला एकदा विचारलं असतंत तर पहिल्या आठवड्यात सांगितलं असतं. पोट दुखणारं पोर दुसरा वाडगा मागतं का कधी?"

त्या दिवशी दुपारी मी वही उघडली. खोडायचं नव्हतं, पण शेऱ्याचा रकाना कोरा होता, आणि कोऱ्या जागेत लिहिणं म्हणजे खाडाखोड नाही. तिच्या अकराही नोंदींपुढे मी त्या दिवसाची तारीख घालून, सही करून, स्वच्छ अक्षरात लिहिलं. निदान, भूक. तिच्यापुरतं लिहून थांबायला हवं होतं, पण हात थांबेना. महिन्यातल्या सगळ्या पोटदुख्यांकडे बघितलं. त्यातल्या खऱ्या वाटतील अशा सात-आठ वगळल्या आणि बाकी सगळ्यांपुढे तेच लिहिलं. चार पानं भरली.

शुक्रवारी वही, वकिलीणबाई आणि साक्षीदार म्हणून मावशी असं तिघांना घेऊन मी जीपने आरोग्य केंद्रात गेले. मावशींनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं.

डॉक्टर मॅडमनी पानं उलटली. पहिल्या पानावर भुवया वर गेल्या, चौथ्या पानावर ओठ दाबले गेले. मग मुलीला खाटेवर झोपवून पोट दाबलं.

"इथे दुखतं?"

"नाही."

"इथे?"

"नाही. पण मॅडम, आत्ता नाश्ता झालाय. खरं बघायचं तर सकाळी सातला या."

"मागच्या महिन्यात उलटी, जुलाब, काही?"

मावशी मध्येच पुढे आल्या. "उलटी कसली मॅडम, आत गेलेलं ही बाहेर सोडत नाही. तिसऱ्या वाडग्यासाठी माझ्याशी भांडते. पळी धरून ठेवते माझी."

मॅडमनी तिला तिथल्या आवारात तीन फेऱ्या पळायला लावलं. तिने चार मारल्या. नाडी बघून मॅडमनी दाखल्यावर तंदुरुस्त लिहिलं. पेन खाली ठेवायच्या आधी खाली आणखी एक ओळ लिहिली. सकाळी उठल्यावर लगेच आहार द्यावा. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सिस्टर, हे निदान तुम्ही अकराव्या वेळेला केलंत."

"हो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

आता राहिली मुख्याध्यापकांची सही. मी आणि ती मुलगी संध्याकाळी त्यांच्यासमोर उभ्या राहिलो. त्यांनी दाखला वाचला, खालची ओळ वाचली, वही मागवली. चार पानं वाचून होईपर्यंत ते खुर्चीत बरेच खाली गेले होते.

"सिस्टर, हे काय लिहिलंय?"

"निदान."

"भूक? शाळेच्या वहीत भूक? हे वर गेलं तर मला काय विचारतील? वेळापत्रक मी ठरवतो का? जेवण वेळेवर, नाश्ता वेळेवर, सगळं नियमाने..." माणूस वाईट नाही, पण चौकशीच्या नावाने त्यांची झोप उडते. "ते शब्द खोडा. मग मी हिच्या दाखल्यावर सही करतो."

"सर, खाडाखोड चालत नाही. तुमचाच नियम आहे."

दाखला टेबलावर, पेन त्यांच्या खिशात. बाहेर संघाच्या मुली दाराच्या फटीतून बघत होत्या, त्यांच्या वेण्या तेवढ्या दिसत होत्या. शनिवारी दुपारपर्यंत नावं पोचवायची होती.

मग वकिलीणबाईंनी घसा खाकरला.

"सर, एक विचारू?"

"तू गप्प बस."

"एकच विचारते. मी आजारी असेन, तर महिन्यात अकरा वेळा पोट दुखलं म्हणजे मोठा आजार आहे. मग मला जव्हारला मोठ्या दवाखान्यात न्यायला पाहिजे. आणि माझ्या एकटीला नाही, वहीत चार पानं आहेत. दोन गाड्या लागतील. आणि आम्ही आजारी नसू, तर मग आम्हाला भूक लागते. तिसरं काय असेल ते तुम्ही सांगा, सिस्टर ते लिहितील."

मुख्याध्यापक वर पंख्याकडे बघायला लागले. पंखा बंद होता. आजवर मी तिच्या जिभेला वैतागले होते, पण त्या क्षणी मला माझी खुर्ची तिला द्यावीशी वाटली.

बराच वेळ त्यांनी तिसरं काही शोधलं. मग खिशातलं पेन काढलं.

"सही करतो," ते म्हणाले. "आणि सिस्टर, चार पानांच्या शेवटी माझा शेरा लिहा. मुख्याध्यापकांच्या लक्षात येताच तातडीने उपाययोजना केली. उद्यापासून सहा वाजता सगळ्यांना पेज, मग श्रमदान. मावशींना सांगा, लवकर उठावं लागेल."

मावशींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी साडेतीनलाच उठते. हे कोणी कधी विचारलं का?" आणि मोठं पातेलं घासायला काढलं.

पुढच्या सकाळी पावणेसहाला मी दार उघडलं तर रांग नव्हती. खरंच नव्हती. सगळी रांग स्वयंपाकघरासमोर वाडगे वाजवत होती. माझ्या पायरीवर फक्त तिघं. एकाच्या गुडघ्याला खरचटलेलं, एकाला खरा खोकला, आणि पाचवीतली एक मुलगी, जिच्या कानातून पू येत होता. मी विचारलं, किती दिवस झाले? ती म्हणाली, आठ. मग आली का नाहीस? ती म्हणाली, रोज येते, पण घंटा होते. रोज ती रांगेच्या शेवटी उभी होती आणि माझ्यापर्यंत पोचत नव्हती. तेव्हापासून मी रांग मागच्या टोकाकडून बघते. पहिल्या नंबरवाले बोंबलतात. बोंबलू दे.

सोमवारी संघ गेला. बुधवारी परत आला तो गाडीच्या खिडक्यांतून बाहेर लोंबकळत, आरडाओरडा करत. जिंकले होते. पुढची फेरी नाशकात, पुढल्या आठवड्यात.

गुरुवारी दुपारी वकिलीणबाई सिकरूमच्या दारात आल्या. आत येईनात. उजवा पाय जरा मागे.

"काय?"

"काही नाही. सहज."

"आत ये."

"इथूनच बोलते. तब्येत छान आहे माझी."

मी उठून तिला आत ओढलं. उजव्या पायाचा अंगठा वांग्यासारखा, रंगानेही आणि आकारानेही. खांबावर आपटला होता. महिनाभर काही नसताना पोट धरून वाकणारी ही मुलगी आता सुजलेला अंगठा पाठीमागे लपवत होती.

"दुखतं?"

"नाही." मी अंगठ्याला बोट लावलं. "आईऽ... थोडं."

हाड मोडलेलं नव्हतं. पाय गार पाण्यात बुडवून ठेवला, पट्टी बांधली. ती माझ्या हातापेक्षा टेबलाकडे जास्त बघत होती.

"सिस्टर, वहीत लिहू नका हं."

मी वही उघडली. तक्रार, अंगठ्याला मार. उपचार, पट्टी. शेरा, पाच दिवस खेळ बंद. तिने माझ्या खांद्यावरून वाचलं आणि बोटांवर दिवस मोजले. मोजताना ओठ हलत होते. स्पर्धा सहाव्या दिवशी होती.

"मग चालेल," ती म्हणाली. दाराशी जाऊन पुन्हा वळली. "आणि पेजेत गूळ कमी असतो. पूर्वी चिठ्ठीवाल्या पेजेत जास्त असायचा. ही तक्रार कुठल्या रकान्यात लिहायची?"

गुळवेलीला नवे फुटवे आले होते. मी एक तुकडा तोडून टेबलावर ठेवला होता, तोच तिच्या हातावर ठेवला. तिने तोंडात टाकला आणि चघळत, लंगडत निघाली. वसतिगृहाच्या दिशेने, अगदी शहाण्यासारखी, कारण मी खिडकीत उभी आहे हे तिला माहीत होतं. पाण्याच्या टाकीपर्यंत तशीच गेली. टाकीच्या आड झाली आणि पलीकडून बाहेर आली ती थेट मैदानाकडे.

मी खिडकीतून हाक मारली. तिने दोन्ही हात वर केले, जागच्या जागी गवतात बसली आणि तिथूनच बाकीच्यांना कसं पळायचं ते ओरडून सांगायला लागली.